ग्रॅफाइट अॅनोड, बॅच ७: कोटिंग आता निघत नाही

मंडळी, मागच्या वेळी सांगितलं होतं ना, लिथियम-आयन बॅटरीच्या अॅनोडचं (ऋण इलेक्ट्रोडचं) कॉपर फॉइलवरचं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटून यायचं, तर ते अखेर जमलं, आणि दोष ग्रॅफाइटचा नव्हताच, वाळवण्याचा होता.

मिश्रण तेच, ९५ भाग ग्रॅफाइट, १ कार्बन ब्लॅक (वीज नीट वाहावी म्हणून), १.५ सीएमसी, २.५ एसबीआर (हे दोन बाइंडर, म्हणजे सगळं चिकटवून धरणारे), सगळं पाण्यात. सीएमसी आदल्या रात्रीच भिजवा, नाहीतर गुठळ्या राहतात आणि कोटिंग पसरवायचं ब्लेड ओढताना प्रत्येक गुठळीमागे लांब रेघ उमटते. एसबीआर सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने. आता कोथरूडमध्ये ऑगस्टात काही म्हणजे काही वाळत नाही, म्हणून मी ओलं कोटिंग थेट ८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये सरकवायचो, तिथेच घोळ होता. पाणी झपाट्याने उडालं की बाइंडरही त्याच्यासोबत वर येतो, वरचा थर कडक होतो आणि खाली तांब्याला धरून ठेवायला काही उरतच नाही. आता आधी पाच तास नुसतं झाकून ठेवतो, मग ५० डिग्री, आणि सेल भरायच्या आदल्या रात्री ११० ला व्हॅक्यूममध्ये, कारण ओलावा राहिला तर इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षारापासून एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) तयार होतं.

चिकटपट्टी लावून ओढली तर आधी अर्धं कोटिंग हातात यायचं, आता फक्त करडी धूळ येते. खूप बरं वाटलं!

सेल नेहमीप्रमाणे मित्राच्या कॉलेजमधल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत) लिथियम मेटलसमोर भरले (लिथियम मेटल घरी उघडू नका, मनापासून सांगतोय). ०.१ सी ला (म्हणजे दहा तासांत पूर्ण चार्ज होईल इतक्या संथ वेगाने) ग्रॅममागे ३४८ एमएएच मिळाले, थिअरीत ३७२ आहेत. पहिल्या सायकलला ११ टक्के क्षमता गेली, ती मुख्यतः एसईआयचा थर (ग्रॅफाइटवर बसणारा संरक्षक पापुद्रा) बनण्यात. पूर्ण लिथियम भरलेला सेल उघडला तर इलेक्ट्रोड कडेपासून कडेपर्यंत सोनेरी! बॅच ४ मध्ये याच सोनेरीत काळे-निळे डाग होते, कोटिंग सुटलेल्या जागी लिथियम नीट पोचलंच नव्हतं.

सिलिकॉन कधी घालणार असं बरेच जण विचारतात. ग्रॅफाइट लिथियम घेताना साधारण १० टक्के फुगतं, सिलिकॉन जवळपास ३०० टक्के, त्यामुळे पकड पक्की झाल्याशिवाय मी तिकडे वळणार नाही.

आधी कॅलेंडरिंग, म्हणजे कोटिंग रोलरखाली दाबून घट्ट करणं. सोन्या मारुती चौकाजवळच्या एका सोनारकाकांनी पत्रा काढायचं रोलिंग मशीन रविवारी वापरू देतो म्हटलंय, तीन वेगवेगळ्या जाडीला दाबून बघतो, फार दाबलं तर छिद्रं बुजतात आणि फास्ट चार्जला लिथियम आत न जाता वरच साचतं, तेव्हा तिन्ही १ सी ला (तासाभरात चार्ज) पण चालवणार.