तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपला बंपर कुठला बसवू?

गाडी कुठेही उभी केली की थोड्या वेळात कोणीतरी पुढून एक चक्कर मारतंच, मी बाहेरून घेऊन बसवलेल्या बंपरवर बोटाने टकटक करून बघतं आणि विचारतं, "कुठला हो हा? आमच्या पिकअपला बसेल का?" मेसेजवर विचारणारे तर थेट चार फोटो टाकतात, यातला कुठला घेऊ सांगा. आणि मी दरवेळी उलट एकच विचारते, की कंपनीच्या बंपरमुळे तुमचं नक्की काय अडलं? यावर बहुतेक वेळा थोडी शांतता, मग "अडलं असं नाही, पण गाडी जरा भरदार दिसायला पाहिजे ना". दिसण्यासाठी घ्यायला माझी हरकत नाही, माझा पहिला तसाच घेतलेला, पण फोटोत बंपरचं फक्त तोंड दिसतं आणि सगळी भानगड त्याच्या पाठीमागे असते, ती ऐकून घ्या.

कंपनीचा बंपर म्हणजे नुसता प्लास्टिकचा मुखवटा नसतो. हल्लीच्या बऱ्याच पिकअपमध्ये वरचं प्लास्टिक हे कातडं, आत फोमचा थर, त्यामागे आडवी स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी आणि ती चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन टोकांना धरलेली. ठोकर बसली की हे सगळं एकामागून एक चेपत जातं, चेपताना धक्का खातं, आणि एअरबॅग कधी उघडायची याचा हिशोब गाडीचा वेग किती झटक्यात कमी होतो त्यावर बांधलेला असतो. जाड पत्र्याचा बंपर सरळ चासीला आवळला की बंपरला काही होत नाही हे खरंय, पण तो धक्का जातो कुठे? चासीत, आणि तिथून तुमच्या मानेत. "ठोकलं तरी ओरखडा नाही" असं जे कौतुकाने सांगतात ना, ते ऐकलं की मला आधी आत बसलेल्यांची काळजी वाटते. म्हणून ब्रॅकेटमध्ये चेपायला जागा ठेवलेली आहे आणि तुमच्या मॉडेलच्या एअरबॅगशी जुळतो असं जो लेखी देतो त्याच्याकडून घ्या. "चालतं हो, आजवर कोणाची तक्रार नाही" वाल्याकडून नको.

आता वजन. यात सगळेच फसतात, मी पण फसले. समजा पुढच्या चाकांच्या मध्यापासून एक मीटर पुढे तुम्ही १०० किलो लटकवलेत, बंपर अधिक विंच (रुतलेली गाडी दोरीने ओढून काढणारं यंत्र) एवढं सहज होतं, आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अंतर ३.२ मीटर आहे. पुढच्या अॅक्सलवर किती वाढलं? १०० नाही, जवळजवळ १३१ किलो. आणि मागच्या अॅक्सलवरचे ३१ किलो कमी झाले, सीसॉच असतो तो. म्हणजे पिकअपचा रिकामा हौदा, जो आधीच हलका, तो अजून हलका, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरायला मोकळी. माझ्या गाडीचं नाक तीनेक बोटं खाली बसलं. मला वाटलं दिसतं छान, रुबाबदार. मग रात्री गाडी काढली तर हेडलाइटचा उजेड पार नाकासमोरच संपतोय, पुढे अंधार. लाइट वर करून घेतले, अलाइनमेंटकडे मात्र लक्षच दिलं नाही, आणि काही महिन्यांनी टायर बदलताना कळलं की पुढच्या दोन्ही टायरची आतली कड गुळगुळीत झालीये. शेवटी पुढच्या स्प्रिंग बदलल्या. तेव्हा बजेट काढताना बंपरबरोबर स्प्रिंग, अलाइनमेंट आणि लाइटची सेटिंग हे त्यातच धरा, आणि हौद्यात किती माल भरता येतो त्यातून बंपरचं वजन वजा करा, कारण पेलोड म्हणजे गाडीवर जे जे चढवाल ते सगळं.

"मग पत्रा किती जाड घेऊ?" पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा उलटा चालतो एवढं डोक्यात ठेवा, आकडा लहान तर पत्रा जाड. १० गेज म्हणजे साधारण ३.४ मिमी, ७ गेज म्हणजे साधारण साडेचार मिमी. विकणारा ७ गेज, ७ गेज म्हणून छाती फुगवतो पण बाहेरच्या आवरणाला एवढा जाड पत्रा लागतोच असं नाही. ताकद पाहिजे ती ब्रॅकेटमध्ये आणि विंच बसते त्या प्लेटमध्ये, तिथे तो कंजुषी करतोय का बघा. खाली वाकून, टॉर्च मारून बघा. वेल्ड सलग आहे का टाचे मारून वरून रंग फासलाय, ते दिसतं. एक चौरस मीटर स्टीलचा पत्रा ५ मिमी जाडीचा घेतला तर ३९ किलो भरतो, अॅल्युमिनियमचा साडेतेरा. म्हणजे सरळ एक तृतीयांश, पण तेवढ्याच ताकदीसाठी अॅल्युमिनियम जाड घ्यावं लागतं म्हणून प्रत्यक्षात फायदा त्याहून कमी. गंजत नाही ही मोठी जमेची बाजू. पण स्टीलचे बोल्ट जिथे त्याला चिकटतात तिथे ओल धरली की पांढरी भुकटी सुटायला लागते, मध्ये वॉशर किंवा लेप पाहिजे. आणि वाकलं तर सरळ करणारा सहजासहजी मिळत नाही.

विंच. तुम्ही एकटे, रस्ता सोडून, चिखलात जाता का? नसाल जात तर विंचचा बंपर घेऊन तुम्ही फक्त वजन फिरवताय. माझी विंच मी आजवर दोनदा वापरली, त्यातल्या एकदा दुसऱ्याची गाडी काढायला. घ्यायचीच तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी घ्या, तीन टनाची गाडी असेल तर साडेचार टनाची. आणि तो आकडा ड्रमवर दोरीचा शेवटचा थर उरलेला असताना असतो, दोरी भरपूर गुंडाळलेली असेल तर ताकद बरीच कमी. सिंथेटिक दोरी हलकी, तुटली तरी वायर रोपसारखी अंगावर येत नाही, मात्र तिला गुळगुळीत अॅल्युमिनियमची फेअरलीड, म्हणजे दोरी ज्यातून बाहेर येते ती चौकट, लावा. वायर रोपने खरवडलेल्या जुन्या रोलरवरून ती नेली तर दोरा दोरा सुटेल.

शॅकल, म्हणजे ओढायचा पट्टा अडकवायची लोखंडी कडी, लावायचे जे कान असतात बंपरला, त्यावर मी जरा जास्तच बोलते, चालवून घ्या. १९ मिमीच्या चांगल्या शॅकलवर पावणेपाच टनाची मर्यादा कोरलेली असते, पण ज्या कानात ती अडकवताय तो नुसता बाहेरच्या पत्र्यावर वेल्ड केलेला असेल तर त्या आकड्याला काय अर्थ? कान पत्र्यातून आरपार मागे गेलेला आणि चासीच्या ब्रॅकेटला जोडलेला पाहिजे. आणि मागे ट्रेलरचा बॉल असतो, त्याला पट्टा अडकवून रुतलेली गाडी ओढू नका, कधीच नाही. बॉल तुटला तर तोफगोळा होतो तो.

सेन्सर. नवीन गाडी असेल तर हे सगळ्यात आधी. पुढच्या गाडीचं अंतर राखणारा रडार पुष्कळ गाड्यांत बंपरच्या जाळीत किंवा लोगोमागे असतो आणि तो लोखंडातून बघू शकत नाही, प्लास्टिकमधून बघतो. पार्किंग सेन्सरची उंची आणि कोन ठरलेला असतो. माझ्या पहिल्या बंपरला सेन्सरची भोकं होती, भोकं होती म्हणजे काम झालं असं मला वाटलं, पण वरचा नळीचा गार्ड त्यांच्या नजरेत येत होता आणि गाडी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत टीं टीं टीं. शेवटी बटण दाबून बंदच ठेवले, म्हणजे सेन्सर असून नसल्यासारखे. नवीन बंपरनंतर रडार परत कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याची नजर नीट जुळवून घ्यावी लागते, तो कुठे करून मिळेल ते बंपर घेण्याआधी विचारा. जाळीसमोर लांबलचक लाइट बार लावणाऱ्यांनी रेडिएटरला वारा कुठून मिळणार याचाही विचार करावा.

तो वरचा नळीचा गार्ड तर मी नंतर काढूनच टाकला. ऑस्ट्रेलियात कांगारू अंगावर येतात म्हणून तिथे अशी बुल बार रूढ झाली. माणूस पुढे आला तर मात्र बॉनेटसारखं दबणारं काही राहत नाही, कडक लोखंड थेट मांडीवर नाहीतर लहान मुलाच्या डोक्यावर. युरोपात याच कारणासाठी २००५ मध्ये अशा गार्डांवर नियम आणले. तुमच्याकडे परवानगी आहे का ते बघालच, पण असली तरी नको असं माझं मत.

बसवताना मी आणि धाकटा भाऊ दोघंच होतो. जॅकवर लाकडाचा ठोकळा, त्यावर बंपर, तीन बोल्ट गेले आणि चौथ्याला आतून आवाज, "ताई, हे भोक लागतच नाहीये, ड्रिल मारून मोठं करू का?" मी हो म्हणणारच होते. मग लक्षात आलं की पहिले तीन आम्ही पूर्ण आवळून टाकलेत. सगळे सैल केले, बंपर जरा हलवला, चौथा बोल्ट बोटाने फिरत आत गेला. चासीचं भोक वाढवलं असतं तर ते कायमचं. आधी सगळे बोल्ट नुसते धरवायचे, मग बंपर समांतर करून आवळायचे. बोल्ट असे घ्या की त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा लिहिलेला असेल, आवळायचे ते ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, आणि काहीशे किलोमीटर झाले की परत एकदा तपासायचे. बॉडी आणि बंपरमध्ये बोटभर फट दिसते ती वाईट दिसते म्हणून मिटवू नका. बंपर चासीवर, बॉडी रबरांवर, खड्ड्यात दोघं वेगवेगळे हलतात, फट नसेल तर फेंडरचा रंग जातो.

मागच्या बंपरबद्दल कोणी विचारत नाही आणि खरं तर मला पटलेली खरेदी ती आहे. पिकअप मागूनच जास्त घासते, उतारावरून खाली येताना शेपूट आधी टेकतं, आणि हौद्यात चढायला कोपऱ्यातली पायरी रोज लागते. फक्त एक बघा. स्टेपनी हौद्याखाली साखळीला टांगलेली असेल तर तिला खाली सोडायची दांडी बऱ्याच गाड्यांत मागच्या बंपरमधल्या भोकातून आत जाते. माझ्या ओळखीतल्या एकाने देखणा बंपर बसवला, भोक होतं, पण दोन बोटं डावीकडे. पंक्चर झालं तेव्हा भर पावसात रस्त्याच्या कडेला झोपून बंपरचे बोल्ट सोडावे लागले त्याला. म्हणून बसवल्या दिवशीच दांडी घाला, स्टेपनी खाली उतरवून परत वर घ्या, फाळका पूर्ण उघडून बघा, नंबरप्लेटचा दिवा लागतो का बघा.

रंगाचं थोडक्यात. पावडर कोटिंग छानच दिसतं, पण खाली झिंक प्रायमर नसेल तर एक दगड लागायचा अवकाश, गंज कोटिंगच्या खालून सरकत जातो आणि वरून महिनोन् महिने कळत नाही. आतून पाणी निघायला खाली भोकं आहेत का तेही बघून घ्या.

आणि कंपनीचा जुना बंपर लगेच विकू नका. माझा जुना पुढचा बंपर अजून घरात उभा आहे, बोल्टची पिशवी त्यालाच बांधलेली, आणि गाडी विकायची वेळ आली तर तोच परत लावायचा विचार आहे. भाऊ म्हणतो तेवढ्या जागेत सायकल मावली असती.