दगडी दरवाज्यातून सिगिलला

वीस बाजूंचा फासा अमळनेरात कुठे मिळाला नाही. म्हणून स्टीलच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही प्लेनस्केप खेळायला बसलो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन खेळतात; प्लेनस्केप हे त्या खेळातलं एक विश्व. काढलेली चिठ्ठी वाचून परत डब्यात टाकली की काम भागतं. नियमांनाही पैसे पडले नाहीत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झालेत. त्यात १२ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार आहेत, नवख्यांना तेवढे पुष्कळ. पात्राच्या ताकद, चपळाई अशा सहा गुणांना १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे वाटून दिले आणि एका दुपारीत चौघांच्या कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्रांच्या माहितीचे कागद तयार झाले.

अडलं ते पुढे.

प्लेनस्केप म्हणजे १९९४ साली डेव्हिड 'झेब' कुक यांनी मांडलेली अनेक जगांची रचना. मधोमध आउटलँड्स नावाची भूमी, तिच्या मध्यावर उंचीला अंतच नसलेला सुळका आणि तरीही त्या सुळक्याच्या वर तरंगणारं, हातातल्या कड्यासारखं गोल शहर सिगिल. आउटलँड्सच्या भोवती १६ बाह्य जगं. मी या सगळ्याच्या इतका प्रेमात होतो, की पहिल्या बैठकीत दीड तास वहीत काढलेलं या जगांचं चक्र दाखवून तेच सांगत राहिलो. शेवटी मावसभाऊ म्हणाला, "दादा, हे समदं ठीक, पण आम्ही कुठे आहोत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी एकही चिठ्ठी निघाली नाही.

आठ दिवसांनी पुन्हा बसलो तेव्हा वही कपाटातच ठेवली. या रचनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिथली दारं. चारी बाजूंनी चौकट असलेली कुठलीही जागा, दार, खिडकी, कमान, अगदी पिंपाचं तोंडसुद्धा दुसऱ्या जगात उघडू शकतं. फक्त त्या दाराची किल्ली जवळ हवी. ती एखादी वस्तू असेल, शब्द असेल, नाहीतर मनात आलेला विचार. मग मी एवढंच सांगितलं: बाजार उठलाय, तिन्हीसांज झालीय, तुम्ही चौघं आपल्या दगडी दरवाज्याखालून घरी निघालात. एकाच्या खिशात आजीच्या डबीतला भोकाचा पैसा आहे. पुढचं पाऊल पडतं आणि वर बघता तर आभाळ नाही, तिथे दुसऱ्या गल्लीची उलटी छपरं दिसतायत.

चौघंही पुढे सरकून बसले. गावातला तो दरवाजा आम्ही लहानपणापासून बघत आलोय, त्याचं वर्णन करावंच लागलं नाही.

सिगिलच्या लोकांची एक खास बोली आहे. मूळ इंग्रजीत ती जुन्या चोरांच्या सांकेतिक भाषेवरून घेतलेली. ती मला धड बोलता येईना, म्हणून मी सिगिलकरांना अहिराणी बोलायला लावलं. पहिलाच वाटाड्या पुढे आला आणि म्हणाला, "कथा जाई ऱ्हायनात रे भो?" म्हणजे कुठे निघालात रे भाऊ? तेवढ्यानं परकं शहर ओळखीचं झालं. नव्याने खेळ चालवणाऱ्याला माझा हाच आग्रह राहील: तिथली बोली पाठ करू नका, घरातली वापरा.

खरी रंगत आली ती वहिनीमुळे. ती क्लेरिक होती, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र चालवणारी. सिगिलवर लेडी ऑफ पेनची सत्ता आहे, ती कधी बोलत नाही आणि तिच्या शहरात कुठल्याही देवाला पाऊल ठेवता येत नाही. वहिनी म्हणाली, "मग मी हाका मारते ते कोणाला?" मंत्र तिथेही चालतात, हे मी सांगितलं, पण तिचा प्रश्न नियमांचा नव्हताच. त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि मी मध्ये पडलो नाही. या विश्वात माणसांच्या श्रद्धेने जगाचा आकार बदलतो. मूळ मांडणीतले १५ पंथ म्हणजे १५ मतं आहेत: डस्टमेन म्हणतात आपण सगळे आधीच मेलेलो आहोत, सेन्सेट म्हणतात इंद्रियांनी अनुभवलं तेवढंच खरं. ज्या गावात प्रताप शेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, त्या गावात हा खेळ रुजायला जड जाणार नाही, असं मला त्या रात्री मनापासून वाटलं.

आता फासे आलेत. बैठक दर शनिवारी असते. चौघं सध्या ऑटोमाटात आहेत. आउटलँड्सच्या कडेला प्रत्येक बाह्य जगाच्या वेशीवर एक गाव असतं, तसं हे मेकॅनस या काटेकोर शिस्तीच्या जगाच्या वेशीवरचं. अशा गावातले लोक शेजारच्या जगासारखेच झाले, तर अख्खं गाव सरकून त्या जगात जातं. ऑटोमाटात आता कोणी रांग मोडत नाही, कोणी उशिरा उठत नाही. वहिनीची क्लेरिक रोज पहाटे चौकातले दिवे मुद्दाम उलट्या क्रमाने लावते. परवा एका पोराने तिला हात दिला. गाव जागेवर राहिलं का, ते या शनिवारी कळेल.