आप्पांचा डावा कान आणि माझा डावा स्पीकर

मागच्या आठवड्यात आप्पा चहा पिता पिता एकदम म्हणाले, "भो, मना डावा कान गया वाटस." रोज सकाळी कॉम्प्युटरवर त्यांची भजनं लावायची हे माझं काम, त्यातल्या एकात टाळ डावीकडून वाजतात, ते म्हणे बरेच दिवस ऐकूच येत नव्हते, वय ७४, म्हणून त्यांनी परस्पर निकालच लावून टाकला. धुळ्याला कानाच्या डॉक्टरची चौकशीपण करून झालेली! मी उठून डाव्या स्पीकरला कान लावला तर तो ठार मुका.

इथं मी नेहमीचा गाढवपणा केला, आधी ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं आवाज चालवणारं सॉफ्टवेअर) उडवला, परत टाकला, रीस्टार्ट, पुन्हा तेच, अख्खी संध्याकाळ गेली. साऊंड सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याचा बॅलन्स बघितला (कधी कधी एक बाजू शून्यावर गेलेली असते, घरात लहान पोरं असतील तर हे पहिलं बघा), तो सरळ होता. कॉन्फिगरमधलं टेस्ट दाबलं, उजवा बोलला, डावा गप्प.

मग डोकं चालवलं. वूफरच्या (दोन्ही स्पीकर ज्याला जोडतात तो मोठा डबा) मागे दोन्ही स्पीकरच्या पिना असतात, त्यांची अदलाबदल केली, तर मुका होता तो गायला लागला आणि चांगला होता तो गप्प. म्हणजे स्पीकर बिचारा निर्दोष. कॉम्प्युटरला हेडफोन लावला तर दोन्ही कानांत आवाज, म्हणजे कॉम्प्युटरपण निर्दोष, आणि ड्रायव्हरची ती संध्याकाळ पाण्यात. स्पीकरची हिरवी पिन मोबाइलला लावली, तिथंही डावा बंद. राहिली वायर, नाहीतर वूफरच्या आतलं सर्किट. पिनीजवळ वायर जरा वाकवली आणि खर्रर्र करून डावा क्षणभर बोलला. सापडला चोर.

या ३.५ एमएमच्या पिनीवर दोन काळ्या रेघा असतात, त्यांनी तिचे तीन भाग होतात, टोक डाव्याचं, मधली कडी उजव्याची, आणि मागचा भाग ग्राउंड, म्हणजे दोघांची सामायिक तार. माझी टोकाची तार तुटली होती म्हणून डावा गेला. ग्राउंड तुटला असता तर अजून गंमत, दोन्ही स्पीकर चालतात पण गाणाऱ्याचा आवाजच गायब होतो आणि मागचं संगीत विहिरीतून आल्यासारखं येतं.

तुटली कशी, तर एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसवला, त्याला जागा करायला टेबल भिंतीला रेटलं, आणि मागची पिन महिनाभर भिंतीत दबून राहिली. आपल्याकडे कूलरपुढे कुणाचं काही चालत नाही.

जळगावला काम होतंच, गोलाणी मार्केटमधून ३० रुपयांची नवी पिन आणली. जुनी पिन चार बोटं वायरीसकट कापली आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासली (तार अखंड असेल तर तो बीप करतो), लाल तार कडीला बीप, उघडी तांब्याची ग्राउंडला बीप, हिरवी टोकाला गपगार. रंगांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक वायरीत वेगळे असू शकतात, बीप खोटं बोलत नाही.

नव्या पिनीला तारा सोल्डर करताना, म्हणजे डाग देऊन जोडताना, पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर हवेनं टाका नीट बसत नाही. बाहेर ४४, आत पंखा बंद, कूलर बंद, हातात तापलेली गन, घाम सरळ पिनीवर. तिन्ही टाके असे सुरेख बसले की मीच खूश झालो आणि मग बघतो तर पिनीचं झाकण टेबलावरच. ते वायरीत आधी ओवायचं असतं. आई दारातून म्हणाली, "झालं का रे, कूलर लावू का?" काय सांगणार. तिन्ही टाके सोडवले, झाकण ओवलं, परत सगळं केलं, यावेळी इतके सुरेख नाही जमले पण धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भजन लावलं. डावीकडून टाळ आले तसे आप्पा खाटेवर सरसावून बसले, पूर्ण भजन ऐकलं आणि म्हणाले, "मना कान चांगला शे, तुनं डबडंच बहिरं व्हतं."

कूलर अर्थातच जागचा हललेला नाही. टेबल चार बोटं पुढे ओढलंय, त्यामुळे आता खुर्ची मागे घेतली की आप्पांच्या खाटेला लागते.