स्टेशन कुठल्या सालचं?

जुनं स्टेशन जपायचं ठरलं की पहिलं भांडण लागतं ते सालावरून. खेड्यातलं एखादं स्टेशन सत्तर-ऐंशी वर्षं चालतं. तेवढ्यात मालक कंपन्या बदलतात, दारांचे रंग बदलतात, कंदिलाच्या जागी विजेचा दिवा येतो. यातलं जपायचं कुठलं? उद्घाटनाच्या दिवशीचं म्हणावं, तर तेव्हा ते कोरं करकरीत होतं. शेवटची गाडी गेली त्या दिवशीचं म्हणावं, तर निम्मं मोडकळीला आलेलं.

इंग्लंडात ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेवाल्यांनी यावर झकास तोडगा काढला. एकाच मार्गावर तीन स्टेशनं आणि तीन काळ. शेफील्ड पार्क १८८० च्या दशकातलं, हॉर्स्टेड केन्स १९२०-३० च्या सदर्न रेल्वे कंपनीचं आणि किंग्जकोट १९५० च्या सरकारी ब्रिटिश रेल्वेचं. प्रवासी अर्ध्या-पाऊण तासात सत्तर वर्षं पुढे सरकतो आणि भांडणाऱ्या तिन्ही गटांना आपापलं स्टेशन मिळतं.

मार्ग सुरू झाला १ ऑगस्ट १८८२ ला. शेफील्ड पार्क हे नाव तिथल्या अर्लच्या, म्हणजे सरदाराच्या, इस्टेटीवरून आलं. ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्ड क्रिकेट स्पर्धा ज्यांच्या देणगीतून सुरू झाली, तेच हे अर्ल. १९५५ साली तोट्याचं कारण सांगून रेल्वेनं मार्ग बंद केला. तेव्हा मॅज बेसेमर या तिथल्याच बाईंनी जुने कायदे उकरून काढले. मार्गाला परवानगी देताना पार्लमेंटनं रोज चार गाड्यांची अट घातली होती आणि ती कुणी रद्दच केली नव्हती! ऑगस्ट १९५६ मध्ये गाड्या निमूट परत सुरू झाल्या, पण इतक्या तोंड वाकडं करून की लोक त्यांना रुसलेली गाडी म्हणू लागले. मग कायदाच बदलून १९५८ साली कायमचं कुलूप लागलं. ७ ऑगस्ट १९६० ला स्वयंसेवकांनी शेफील्ड पार्कहून स्वतःची गाडी सोडली. एवढ्या झटपट जमलं, कारण त्या बाजूचे रूळ अजून जागेवर होते. उत्तरेकडचे पुढे उखडले गेले, म्हणून किंग्जकोट गाठायला १९९४ उजाडलं. त्यापुढच्या ईस्ट ग्रिन्स्टेडला तर २०१३. वाटेतल्या खोल खोदाईत गावानं मध्यंतरी कचरा भरून ठेवला होता, तो सगळा उपसावा लागला. मधलं वेस्ट होथली स्टेशन १९६७ मध्येच पाडलं होतं, त्यामुळे तिथे सालाचा वादच नाही.

साल ठरलं की रंग शोधायचा. बिजागरीलगतची किंवा मागाहून ठोकलेल्या पाटीखालची जागा निवडतात, कारण तिथे ऊन आणि खरवडणी कमी पोचलेली असते. तिथे लाकडापर्यंत जाणारा, रुपयाएवढा पसरट खळगा घासतात. आधी जाडसर पॉलिश पेपर, मग बारीक, आणि नेहमी पाण्यात भिजवून. जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासलं तर त्याची भुकटी नाकातोंडात जाते, ब्लो-लॅम्पनं जाळलं तर धूर. खळग्याच्या उतारावर एकेक रंगाचं वलय उघडं पडतं. इथे नवखे हमखास फसतात. लाकडालगत गुलाबी थर दिसला की 'मूळ रंग गुलाबी!' म्हणून आनंद होतो, पण तो असतो शेंदूर आणि सफेदा मिसळलेला प्रायमर. त्यावर अस्तर, त्यावर शेवटचा हात; म्हणजे एका रंगकामाची दोन-तीन वलयं. पंधरा वलयं मोजली म्हणून स्टेशन पंधरा वेळा रंगवलं असं होत नाही. भिंगाखाली दोन थरांमध्ये काजळीची केसाएवढी काळी रेघ दिसली, तर तिच्या आतला थर उघड्यावर नांदलेला खरा रंग. अस्तर आणि शेवटच्या हातामध्ये ती रेघ नसते. आणि एवढं सापडलं तरी लगेच डबा घ्यायला धावू नये. जवसाच्या तेलातला रंग अंधारात दडून राहिला की पिवळा पडतो, पांढऱ्याचा मलईसारखा दिसतो, निळा हिरवट होतो. घासलेली जागा काही दिवस उजेडात राहू द्यावी, मग छटा जुळवावी.

सिग्नलचंही तसंच. १८८० चं स्टेशन म्हणजे हात खाली पडणारा सिग्नल. आपल्याकडे 'सिग्नल पडला' म्हणतात तो. पुढे सदर्ननं हात वर उचलणारे सिग्नल बसवायला घेतले. केबिनपासून सिग्नलपर्यंतची तार तुटली तर वर उचललेला हात आपल्या वजनानं खाली येऊन 'थांबा' दाखवतो. खाली पडणाऱ्या हाताला त्यासाठी उलटं वजन लावावं लागतं, आणि हातावर बर्फ साचलं तर घोटाळा होतो. १८७६ मध्ये इंग्लंडातच अॅबट्स रिप्टनला बर्फामुळे सिग्नल 'मोकळा' दाखवत अडकले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. संवर्धनवाल्यांची रोजची डोकेदुखी मात्र साधी तार असते. तीनशे मीटर पोलादी तार वीस अंश तापली की सुमारे सात सेंटिमीटर लांबते. मग केबिनमध्ये लिव्हर पूर्ण ओढला तरी हात अर्ध्यावरच लोंबकळतो. ताणणीनं ती सैल तार ओढून घेतात. दुपारी ताणून संध्याकाळी सैल करायला विसरलं, तर रात्रीच्या गारठ्यात तार आखडते आणि 'थांबा'वरचा हात आपोआप जरासा ढळतो. हे पहिल्यापेक्षा वाईट.

खिडकीतली पुठ्ठ्याची तिकिटं आपल्याही लोकांना ओळखीची आहेत: ५७ बाय ३० मिलिमीटर, अनुक्रमांकासह. खणात लहान आकडा तळाशी ठेवतात आणि खालून एकेक ओढतात, म्हणजे दिवसअखेरीला वजाबाकीनं विक्री कळते. तारखेच्या यंत्रात छापखान्यासारखे खिळे असतात. ६ उलटा बसला की ९ होतो आणि हिशेब बोंबलतो.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते हौशी गवंड्याचं सिमेंट. जुन्या मऊ विटांच्या सांध्यात चुनाच हवा. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट विटेपेक्षा टणक, ओल कोंडते, थंडीत ती गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो, वर सांधा तसाच उभा! ते काढायचं तर छिन्नी-हातोडी घेऊन सावकाश, सांध्याच्या मधोमध. घाईनं ग्राइंडर लावला की विटेची कड गेलीच, आणि त्या मापाची वीट आता सहसा तयार मिळत नाही, मुद्दाम पाडून घ्यावी लागते.