तुमची पानं टिकतात कशी?

ऑफिसात डबा उघडला की कुणीतरी विचारतंच, "आज गुरुवार. रविवारचं लेट्यूस अजून एवढं कुरकुरीत कसं?" एकीने तर कानाशी येऊन विचारलं, जणू मी पानांवर काही पावडरबिवडर मारते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मारते ती फक्त गिरकी.

मी मूळची सोलापूरची. कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट आणि वर कच्चं तेल असा घोळाणा खाऊन मोठी झाले. 'सॅलड' हा शब्द पुण्यात येऊन शिकले. तिकडे सकाळची मेथी दुपारी संपायची, टिकवायचा प्रश्नच नव्हता. इथे कोथरूडला आम्ही तिघंच, आणि मंडईत जाणं होतं ते फक्त रविवारी.

मंडईच्या १८८६ सालच्या दगडी इमारतीबाहेर भाजीवाल्या मावशी दर थोड्या वेळाने जुड्यांवर पाणी शिंपडतात. उन्हावाऱ्यात पान सारखं पाणी सोडत असतं, त्यामुळे तिथे ते बरोबरच आहे. पण पहिल्या वर्षी मी तसाच ओला पालक पिशवीला गाठ मारून फ्रिजमध्ये कोंबला. बुधवारी हाताला काळा गाळ लागला. पानाला पाणी आत हवं, बाहेर नको. माझी सगळी खटपट एवढ्यासाठीच.

म्हणून रविवारी चहाच्याही आधी जुडीची सुतळी सोडते, कारण सडायला सुरुवात होते ती बांधलेल्या जागी. चेंबलेली, पिवळी पानं काढून टाकते. मोठ्या पातेल्यात पानं बुडवायची आणि वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाची माती परत पानांवर बसते. दोन-तीन पाणी लागतातच. मेथी मरगळलेली असेल तर शेवटचं पाणी बर्फाचं. १५ मिनिटांत पानं पाणी पिऊन ताठ होतात. (पावसाळ्यात मात्र कच्चा पाला आमच्याकडे बंद. तेव्हा सगळी भाजी कढईत.)

आता गिरकी. पंच्याच्या मधोमध पानं ठेवायची, चारही टोकं मुठीत धरायची आणि हात लांब करून गरगर फिरवायचं. मी हे पहिल्यांदा बाल्कनीत केलं, तर खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर सडा पडला. काकू वर बघून म्हणाल्या, "काय गं, गोफण फिरवतेस की काय?" तेव्हापासून बाथरूममध्ये फिरवते. मग पानं थोडा वेळ पंख्याखाली पसरायची. हाताला कोरडी लागली की पुरे, नाहीतर पुन्हा मान टाकतात.

पसरट डब्यात तळाला मलमलचं फडकं, त्यावर पानं, न दाबता, वर पुन्हा फडकं. डबा फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, मागच्या भिंतीला टेकवायचा नाही. तिथे पान गोठतं आणि मग मेणचट होतं. पिकलेले टोमॅटो, केळी, सफरचंदं शेजारी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाला पिवळा पडतो. फडकं दमट झालं की बदलायचं, आमच्याकडे साधारण बुधवारी. कोथिंबीर मी आधी धूतच नाही. मुळांसकट पेलाभर पाण्यात उभी करते आणि लागेल तशी खुडते.

डब्यात लिंबू-मीठ वेगळ्या डबीत नेते. कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी लावतात ना, तसंच. आधी लावलं तर पाणी सुटतं.

खटपट अर्ध्या-पाऊण तासाची आहे, नाही म्हणत नाही. पण सोमवारी रात्री दमून आल्यावर कोण जुडी निवडायला बसणार? पानं तयार असली की नवराही फ्रिज उघडून मूठभर तोंडात टाकतो.

बाकी, पंच्याला पडलेले हिरवे डाग निघत नाहीत. पंचा सासऱ्यांचा आहे. ते अजून शोधताहेत.