तुम्ही विचारलंत म्हणून: लातुरात होडी कशाला?

“समुद्र नाही, नदीला पाणी नाही, मग लातुरात बसून लाकडाच्या होड्या कशाला कोरता?” घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण कपाटाकडं बघून हे विचारतो. बैलगाडी कोरा, लोक घेतील तरी, असा सल्लाही वर मिळतो.

आधी मी भांडायचो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक लिखाणात आपलं पैठण आहे, तगर म्हणजे आपलं तेर आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय, त्यात रांजण रचलेत. हे सगळं खरंच आहे. पण त्यासाठी मी पटाशी हातात धरली नाही.

मला होडीची ती रेष आवडते. बाजूनं बघा, काठ मधे झुकतो आणि दोन्ही टोकांना वर चढतो. वरून बघा, तोच काठ मधे फुगतो आणि टोकांना निमुळता होतो. एकच रेष, दोन्हीकडं वळलेली. बाजूचा आणि वरचा फर्मा, म्हणजे आकाराचा नमुना, लावून ठोकळा कापला तरी त्याचं अंग चौकोनीच राहतं. पोट आणायचं ते नजरेनं. पटाशी फुगवट्याकडून टोकाकडं चालवायची, उलटी गेली की लाकूड उचकटतं. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ, पोट आत वळतं, तिथं दिशा पुन्हा फिरवायची. मग तिरप्या उजेडात धरायचं. सावली जिथं मोडते तिथं उंचवटा राहिलाय. कुठल्या बैलगाडीत ही रेष आहे, सांगा.

आता ते सांगतो, जे आजवर टाळलं.

२०१६ चा एप्रिल. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं. आमच्या घरी टँकरचं पाणी एका ड्रममध्ये साठवलेलं, पिण्याचं. मेहुणे आले होते. त्यांनी कपाटातली होडी उचलली, “बघू की, तरंगतंय का,” म्हणाले आणि मी उठेपर्यंत ड्रममध्ये सोडलीही. होडी लगेच कुशीवर लोळली. लोक हसले. मला ते लागलं नाही. भरीव लाकूड, वर डोलकाठ्यांचं वजन, तळाला काही नाही, ते लोळणारच. पण जवसाचं तेल नुकतंच दिलेलं. पाण्यावर तवंग पसरत गेला. आई ड्रमजवळ आली, बघत राहिली आणि म्हणाली, “ह्या लाकडापायी प्यायचं पाणी गेलं.”

मेहुण्यांना ती काही बोलली नाही. लाकडालाच बोलली.

त्यानंतर बराच काळ कोणी विचारलं की मी “शोभेची वस्तू आहे” म्हणून मोकळा व्हायचो. आज तेव्हाच्या त्या माझ्याशी माझं पटत नाही. शोभेची असती तर काठ दिसतो तेवढाच घासला असता; तळ, जो कपाटात कुणालाच दिसत नाही, त्यावर इतका जीव कशाला लावला असता? पण तो तळ पाण्यासाठीच तसा वळलेला असतो, आणि माझी होडी पाण्यात उभी राहत नाही, हेही तितकंच खरं. मग मी ज्याला सुंदर म्हणतो ते नेमकं काय आहे? आईच्या बोलण्यावर तेव्हाही माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

शिवणीच्या लाकडाचा नवा ठोकळा आणलाय. दोन्ही फर्मे आखून झालेत. आतून पोखरून तळाला शिसं घालायचं की भरीवच ठेवायचं, हे अजून ठरत नाही.