आमची वाटचाल : पिल्लं जगवण्याचा व्यवसाय

गप्पी माशांची पिल्लं व्हावीत म्हणून काही खटपट करावी लागत नाही. एक नर आणि दोन माद्या एका टँकमध्ये सोडल्या की महिन्याभरात पिल्लं दिसतात. दोन-चार दिवसांत ती दिसेनाशीही होतात. बदलापूरच्या आमच्या घरातला हा व्यवसाय त्या दोन-चार दिवसांवर उभा आहे. आम्ही मासे विकतो हे खरं, पण दिवसभर हात ज्यात गुंतलेले असतात ते काम पिल्लं जगवण्याचं.

माशांची आवड मूळची ह्यांची. लग्न होऊन मी आले तेव्हा हॉलमध्ये एक टँक होताच, पुढे बाल्कनीत आणखी आले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलं घरात अडकली आणि बिल्डिंगमधल्या एकीने मुलासाठी गप्पीची जोडी मागितली. मग तिच्या नणंदेने, मग शेजारच्या सोसायटीतून. पैसे घ्यावेत असं तोवर मनातही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "खाण्याचे, विजेचे पैसे लागतात ना? मग घ्यायचे." तिथून हिशेबाची वही सुरू झाली, ती अजून त्यांच्याच हातात आहे.

आमच्याकडे पिल्लांसाठी वेगळी जागा आहे. बेडरूमच्या भिंतीला लागून लोखंडी रॅक, त्याच्या खालच्या कप्प्यातले टँक गाभण माद्यांचे. सासूबाई त्याला बाळंतिणीची खोली म्हणतात. तिथे लाइट मंद, येणंजाणं कमी. मादीचे दिवस भरत आले की पोट खालून गोल न राहता चौकोनी दिसायला लागतं, शेपटीकडचा काळा डाग मोठा आणि गडद होतो. फिकट रंगाच्या मादीत तर त्या डागातून पिल्लांचे डोळे दिसतात. ती खाणं टाकते, कोपरा धरून बसते. खाणं टाकायच्या चार-पाच दिवस आधीच तिला हलवायला हवं. अगदी शेवटच्या घटकेला जाळी लावली तर मादी घाबरते आणि अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते.

दुकानात गप्पीबरोबर प्लॅस्टिकचा ब्रीडिंग बॉक्सही मिळतो. आम्ही तो वापरत नाही आणि घेणाऱ्यालाही सांगत नाही. एवढ्याशा डब्यात पाणी खेळत नाही, मादी भिंतींवर आपटत राहते. त्यापेक्षा टँकमध्ये निम्म्याहून जास्त झाडी भरा. तळाला जावा मॉसचे गठ्ठे, वर तरंगणारं हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास. पिल्लू जन्मल्याबरोबर आधी आडोसा शोधतं, आणि तो वर आणि खाली, दोन्हीकडे हवा. फिल्टर स्पंजचाच लावायचा. मोटरच्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. शिवाय स्पंजवर जे बारीक जीव वाढतात ते पिल्लं दिवसभर टिपत राहतात.

एकदा तरी जन्म होताना नीट बघावा. पिल्लू वळकटीसारखं दुमडलेलं बाहेर पडतं, शेपूट डोक्याकडे आलेली. क्षणभर खाली बुडतं. मग अंग सरळ होतं, एक झटका देतं आणि पृष्ठभागाकडे धावतं, हवेचा घोट घेऊन पोटातली हवेची पिशवी भरायला. लांबी जेमतेम सहा-सात मिलिमीटर, त्यातही डोळेच जास्त दिसतात. त्याच वेळी आईच वळून ते गिळू शकते. लोकांना हे क्रूर वाटतं. पण गप्पीच्या मादीला आपलं पिल्लू ओळखता येत नाही. तोंडात मावेल असं काही हललं की ते तिच्यासाठी खाणं. म्हणून मादीला आधीपासून पोटभर खायला घालतो, आणि सगळी पिल्लं पडली की तिला काढून वेगळ्या टँकमध्ये विश्रांतीला ठेवतो. लगेच नरांमध्ये सोडत नाही. पहिल्या खेपेला दहा-पंधरा पिल्लं मिळतात, पुढे तीस-चाळीस, चांगल्या वाढलेल्या मादीला त्याहून जास्त.

पिल्लांना खायला काय द्यायचं, यावर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. उकडलेल्या अंड्याचा बलक बरेच जण देतात. चिमटीभर जास्त पडला तरी पाणी सडतं, म्हणून आम्ही त्या वाटेला जात नाही. आमच्याकडे आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, अंड्यांतून नुकताच बाहेर आलेला. कोल्ड्रिंकची मोठी बाटली तळ कापून उलटी टांगायची, त्यात पाणी आणि आर्टेमियाची अंडी, लिटरला साधारण २५ ग्रॅम जाडं मीठ, खालून जोरात हवा, वरून दिवा. २६ ते २८ अंशांत चोवीस तासांनी अंडी फुटतात. मग हवा बंद करायची आणि बाटलीच्या खालच्या टोकाशी टॉर्च धरायचा. अंड्यांची रिकामी टरफलं वर तरंगतात आणि जिवंत आर्टेमियाचा नारिंगी ढग हळूहळू उजेडाकडे उतरतो. तो नळीने ओढून सुती फडक्यात गाळायचा, गोड्या पाण्याने धुवायचा आणि ड्रॉपरने पिल्लांना द्यायचा. दहा मिनिटांत प्रत्येक पिल्लाचं पोट नारिंगी होतं. ज्याचं झालं नाही ते कुठे अडलं आहे हे तिथेच कळतं. हे काम पहाटे सासूबाई करतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत. दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं खाणं जातं. कोरडं खाणं चिमटीत चुरून, तेही तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर. खाण्याइतकंच पाणी बदलणं महत्त्वाचं. भरपूर खाणाऱ्या पिल्लांची घाण त्याच टँकमध्ये राहिली तर वाढ खुंटते. म्हणून थोडं पाणी रोज काढायचं आणि क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी बारीक धारेने भरायचं.

आमच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं. ते हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं आणि गप्पीला थोडं जड पाणी मानवतं, म्हणून फिल्टरजवळ कोरलच्या चुऱ्याची पुरचुंडी टाकलेली असते. बदलापूरचा उन्हाळा चाळीशीच्या वर जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा टँकची झाकणं काढून पंखे लावतो. थंडीत पहाटे पारा चांगलाच उतरतो, मग पिल्लांच्या टँकला हीटर. वीज गेली की पहिला प्रश्न हवेचा. पहिल्या नफ्यातून आम्ही इन्व्हर्टर घेतला, फर्निचर नंतर.

सुरुवातीला आम्ही मिसळ रंगाचे गप्पी ठोक विक्रेत्याला नगावर द्यायचो. भाव तो ठरवणार आणि महिन्याचीच पिल्लं मागणार, कारण लहान मासे पिशवीत जास्त मावतात. ती पिल्लं पुढे किती जगत असतील हे आम्हाला कळत होतं. तो व्यवहार आम्ही थांबवला. आता तीन महिन्यांच्या आतला मासा घराबाहेर जात नाही. या एका नियमामुळे जागा, खाणं, वीज सगळं जास्त लागतं आणि भावही चढा ठेवावा लागतो. त्यात आम्हाला संकोच वाटत नाही.

जाती मोजक्याच ठेवल्या : मॉस्को ब्लू, फुल रेड आणि कोब्रा. एवढ्याच नीट सांभाळता येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नराचा पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता व्हायला लागतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो. हे दिसताक्षणी नर-माद्या वेगळ्या करायच्या. इथे आठवडाभर ढिलाई झाली तर जात हातची गेली, कारण मादी एकदा लागली की नराशिवायही पुढचे कित्येक महिने पिल्लं देत राहते. शरीरात साठवलेल्या बीजावर. तिची पिल्लं कोणत्या नराची, हे मग सांगता येत नाही. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९२० साली गप्पीवरच दाखवून दिलं की नराच्या अंगावरची काही नक्षी बापाकडून फक्त मुलाकडे जाते. त्यामुळे नर निवडणं डोळ्यांनी जमतं. मादीच्या अंगावर मात्र तिने बापाकडून काय घेतलंय ते दिसत नाही. तिची परीक्षा तिच्या मुलग्यांवरून. म्हणून कोणती पिल्लं कोणत्या मादीची याची नोंद प्रत्येक टँकवर चिकटवलेली असते. ते अक्षर ह्यांचं.

पुष्कळ लोकांना गप्पी ठाऊक आहे तो हिवताप खात्याचा, डासांच्या अळ्या खाणारा. तोही हाच मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. पण आमच्याकडून नेलेले गप्पी कोणी नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत ही कळकळीची विनंती. हा मासा कुठेही तग धरतो आणि तिथल्या माशांची पिल्लं, अंडी खातो. उल्हास नदीत आधीच काय कमी संकटं आहेत? जास्त झाले तर आम्हाला परत आणून द्या, आम्ही घेतो.

आता रविवारी पहाटेच्या लोकलने कुर्ल्याच्या मासेबाजाराला हे जातात, विकायला कमी आणि ओळखी ठेवायला जास्त. बाहेरगावच्या ऑर्डर ट्रॅव्हल्सच्या बसने जातात : मासे दिवसभर उपाशी ठेवायचे म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही, ऑक्सिजनची पिशवी, थर्माकोलचा खोका. पुणे, नाशिकपर्यंत पाठवतो. मे महिन्यात पाठवत नाही.

घरबसल्या हे काम करू पाहणाऱ्या बायका विचारायला येतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान होतं. आम्ही नफ्यातूनच वाढवत गेलो, पण तुम्ही जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सध्या काय चालू आहे ते आधी विचारा. आणि टँक विकत घेण्याआधी आर्टेमियाची बाटली लावून बघा. रोज पहाटे ती जमत असेल तर पुढचं सगळं शिकवायला सासूबाई तयार आहेत.

मासे बघायला संध्याकाळी पाचनंतर यावं, फोन करून. फुल रेडची नवी बॅच गणपतीनंतर तयार होईल, तिची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली आहे.